पाहुण्यांनी उभं राहावं

आमच्या ह्यांचा उपदेश लांबायचा. ऐकायला माणसं कमी असली की जास्तच लांबायचा, कारण ह्यांना वाटे, आली आहेत त्यांना तरी पोटभर मिळावं. मी पहिल्या बाकावर बसून बांगड्यांशी चाळा करू लागले की आवरतं घ्यायचं, अशी आमची खूण ठरली होती. ती खूण साऱ्या मंडळीला पाठ झाली होती. फक्त ह्यांच्याच लक्षात येत नसे.

ह्यांचं नाव शमुवेल वाघचौरे. घाटकोपरला टेकडीच्या बाजूच्या एका दुमजली चाळीत मिशनने तळमजल्यावरची मोठी खोली उपासनेसाठी भाड्याने घेतली होती आणि तिच्यामागच्या दोन खोल्यांत पाळक म्हणून आम्ही राहत होतो. आमची मंडळी म्हणजे नगर-जालन्याकडून पोटासाठी आलेली माणसं. कुणी रेल्वेत, कुणी कारखान्यात, दोघी-तिघी इस्पितळात नर्स. रविवार हा प्रभूचा दिवस आहे हे पाळीच्या मुकादमाला कोण सांगणार? निम्मी मंडळी ड्यूटीवर आणि उरलेल्यांतली निम्मी रात्रपाळी करून झोपलेली. ह्यांनी सायकलवरून घरोघर फिरायचं, कुणाचं बाळ बघायचं, कुणाच्या नवऱ्याची दारू सोडवायची, कुणाच्या मुलीसाठी स्थळ शोधायचं, आणि रविवारी रिकाम्या बाकांसमोर उभं राहून भरल्या आवाजात बोलायचं. मी चिडायचे. हे म्हणायचे, "बाकं रिकामी आहेत, क्षमा, माणसं नाहीत. ती कामावर आहेत."

मला मात्र त्या रिकाम्या बाकांची धास्ती होती. मंडळी वाढली नाही की मिशनची कमिटी खोली सोडते आणि पाळकाची बदली करते. माझा सगळा संसार असाच बदल्यांत गेला. जाईन तिथे मी दाराशी शेवग्याची फांदी लावायची. श्रीगोंद्याला लावली, राहुरीला लावली, जालन्याला लावली. शेंगांची आमटी मात्र दर वेळी पुढच्या पाळकीणबाईंनी केली. घाटकोपरला पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांदेखत शेवगा फुलला होता, आणि पहिल्यांदाच मला शेजारीण नव्हे तर मैत्रीण मिळाली होती. मला इथून हलायचं नव्हतं. देवाला मी तसं स्पष्ट सांगितलंही होतं.

ती मैत्रीण म्हणजे शेजारच्या खोलीतली सुगंधा. मूळची मालवणकडची, तोंडाने तिखट. रविवारी आमची उपासना सुरू झाली की ती कमरेवर हात ठेवून नळाशी उभी राही आणि कुणाला भांडू देत नसे. तिचा नवरा गुणाजी आधी गिरणीत होता, आता विक्रोळीच्या एका कारखान्यात. शनिवारी संध्याकाळी शाळेतून बाकं वाहून आणायचं काम तो आपणहून करी. त्याला टायफॉइड झाला होता तेव्हा हे इस्पितळात त्याच्या उशाशी बसून राहिले होते, ते तो विसरला नव्हता. वरच्या मजल्यावरचे मधुकरराव म्युनिसिपालिटीत कारकून. आमची पेटी बिघडली तेव्हा त्यांनी स्वतःची पेटी खाली आणून दिली, आणि मग ती चांगली वाजावी म्हणून दर रविवारी स्वतःच वाजवायला बसू लागले. ह्यांनी येशूबद्दल सांगायचं कुणापाशी कधी टाळलं नाही. सुगंधा सगळं ऐकून घेई आणि म्हणे, "तुमचो देव तुमका, पण पाद्रीबाबा आमचो."

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर कमिटीचा निरोप आला. पुढच्या रविवारी अध्यक्षसाहेब स्वतः उपासनेला येणार होते. घाटकोपरची मंडळी चालू ठेवायची की दादरला जोडून टाकायची, ते बघूनच ठरणार होतं.

मी नळावर कळशी भरत होते आणि कळशी भरून वाहू लागली तरी मला कळलं नाही. सुगंधाने नळ बंद केला. "काय झाला गो?" म्हणाली. मी सांगितलं. सांगताना रडलेही.

"म्हणजे बाकां भरूक व्हयी. इतक्याच ना?" ती म्हणाली.

"इतकंच कसं गं? त्या दिवशी नेमके सगळे ड्यूटीवर आहेत."

"तू गप रव," म्हणाली आणि कळशी उचलून माझ्या दारात ठेवून गेली. मला वाटलं, धीर देतेय.

रविवारी अध्यक्षसाहेब आले. उंच, गंभीर, चांगल्या कापडाचा कोट घातलेले. मी त्यांना पहिल्या बाकावर माझ्या शेजारी बसवलं. मागे आमची मोजकीच मंडळी. नर्स सुहासिनी तेवढी रात्रपाळी करून तशीच आली होती आणि डोळे ताणून जागी राहत होती. मधुकररावांनी पेटीवर सूर धरला, आणि दाराशी चपलांचा आवाज सुरू झाला.

सुगंधा पुढे. नवं हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर. मागे इस्त्रीचा शर्ट घातलेला गुणाजी, मागे जिन्याखालचे, वरच्या मजल्यावरचे, पलीकडच्या चाळीतले, सगळे अंघोळ करून, हात जोडून. चपला दाराबाहेर नीट रांगेत लागल्या. बाकं भरली, उरलेले भिंतीला टेकून उभे राहिले. गाणं तर असं झालं की छपराची कौलं हलावीत. दर रविवारी भिंतीपलीकडून ऐकून ऐकून त्यांना चाली आमच्याइतक्याच येत होत्या, आणि शब्द जिथे येत नव्हते तिथे ते टाळ्या जोरात वाजवत होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे सुगंधाकडे पाहत होते.

मग दानाची थाळी निघाली. सुहासिनी ती घेऊन बाकांमधून फिरू लागली. सुगंधापाशी आल्यावर सुगंधाने पैसे टाकले, दोन्ही तळवे थाळीवरून फिरवले आणि भक्तिभावाने तोंडावरून घेतले. गुणाजीने तेच केलं. मग सगळ्या रांगेने. कुणी शेजारच्याच्या कपाळालाही लावलं. बिचारी सुहासिनी आरती धरल्यासारखी थाळी धरून थांबली, सगळ्यांचं होईपर्यंत. मला हसू आवरेना, आणि भीत भीत मी शेजारी पाहिलं.

अध्यक्षसाहेबांनी बहुधा ते पाहिलं नव्हतं, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं. ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "मंडळी चांगलीच वाढलीय की, वाघचौरेबाई. हे आम्हाला कुणी कळवलंच नाही."

शेवग्याची शपथ, मी फक्त मान खाली घातली.

आता सूचना द्यायच्या होत्या. ह्यांनी चष्मा काढला. घरात ज्यावरून भांडण होणार असं काही बोलायचं असलं की हे आधी चष्मा काढतात, म्हणजे माझा चेहरा दिसत नाही. मी बांगड्या वाजवल्या. चांगल्या खळखळून वाजवल्या.

"आज आपल्यामध्ये पाहुणे आहेत," हे म्हणाले. "आपल्या रीतीप्रमाणे पाहुण्यांनी उभं राहावं, म्हणजे मंडळीला त्यांचं स्वागत करता येईल."

अध्यक्षसाहेब उठून उभे राहिले. बाकी कुणीच उठलं नाही. पाहुणे म्हणजे तेच, अशीच सगळ्यांची समजूत.

"गुणाजी," हे हळूच म्हणाले, "सुगंधाबाई. तुम्हीसुद्धा."

ती दोघं गोंधळून उभी राहिली. मग ह्यांनी एकेकाचं नाव घेतलं. गुणाजी बाकं वाहून आणतात. सुगंधाबाई नळावर शांतता राखतात. मधुकररावांच्या पेटीवर आमची स्तोत्रं चालतात. जिन्याखालच्या म्हातारबाबांनी आमच्या नाताळच्या कंदिलाच्या कामट्या बांधल्या. कुणाला विसरले नाहीत. बाकांवरचा एकेक जण उठत गेला आणि शेवटी बसून राहिलो ते आम्ही मूठभर, विरळ, लांब लांब बसलेले. सुहासिनी तेवढ्यात झोपी गेली होती.

"ही आमची शेजारची माणसं, साहेब," हे म्हणाले. "प्रेमाने आली आहेत. मंडळी आमची एवढीच."

मंडळीने टाळ्या वाजवल्या. त्यांचा आवाज तो कितीसा होणार?

त्या दुपारी मी ह्यांच्या पुढ्यात ताट आपटलं. "तुम्हाला कुणी विचारलं होतं? गप्प बसला असतात तर आभाळ कोसळणार होतं?"

"ती माणसं आपल्यासाठी खोटं करायला आली होती, क्षमा. आपण त्यांच्याकडून खोटं करवून घ्यायचं?"

"आणि माझं काय? मी परत ट्रंक भरायची?"

ह्यांनी घास तसाच ठेवला. "तुझं वाईट होणार हे मला माहीत होतं," म्हणाले, "म्हणून तर चष्मा काढला." आता अशा माणसावर किती रागवायचं? मी रागावले, पण भाजी वाढली.

कमिटीने नाताळनंतर खोली सोडायचं ठरवलं. मंडळीने दादरला जावं आणि आम्ही वैजापूरला. अध्यक्षसाहेबांनी ह्यांना दोन चांगले शब्द बोलून दाखवले म्हणे. चांगल्या शब्दांनी शेवगा हलवता येत नाही.

त्याहून मला लागली ती सुगंधा. त्या रविवारपासून ती माझ्याशी बोलेनाशी झाली. नळावर आली की तोंड फिरवी. रविवारी नळाशी उभी राही ती राहीच, पण दाराकडे बघत नसे. चारचौघांत उभं करून आपलं पितळ उघडं पाडलं, याचा तिला राग आला असणार, असं मी समजले. दोनदा माफी मागायला गेले. दोन्ही वेळा "कामां पडली हत" म्हणून तिने मला दारातूनच परत पाठवलं. माझ्यासाठी जिने सगळी चाळ अंघोळी घालून उभी केली, तिला मी दुखावून जाणार, हे मला सहन होईना.

शेवटची उपासना नाताळनंतरच्या रविवारी झाली. सामान बांधून मागच्या खोलीत ठेवलं होतं. मंडळीतले झाडून सगळे आले, ज्यांना रजा मिळाली नव्हती तेसुद्धा. आणि गाणं सुरू व्हायच्या आधी दाराशी चपलांचा आवाज झाला. तेच हिरवं लुगडं, तोच अबोलीचा वळेसर. मागे गुणाजी, मागे सगळी चाळ. अध्यक्षसाहेब नव्हते, कुणाला काही दाखवायचं नव्हतं. सुगंधा सरळ पहिल्या बाकापाशी आली, मला कोपराने सरकवलं आणि माझ्या शेजारी बसली. माझ्याकडे बघितलं नाही.

थाळी फिरली. सगळ्यांनी तळवे फिरवून तोंडावरून घेतले. या वेळी आमच्या रेल्वेवाल्या दोघांनीही घेतले.

मग सूचना. ह्यांचा आवाज त्या दिवशी नीट लागत नव्हता. सवयीने हे म्हणून गेले, "आज आपल्यामध्ये पाहुणे आहेत. पाहुण्यांनी उभं राहावं."

कुणी उठलं नाही. हे थांबले. गुणाजी भिंतीकडे बघत बसून होता. मधुकररावांनी पेटीवरचे हात मांडीवर घेतले आणि तेही बसून राहिले. मला वाटलं, यांना ऐकू गेलं नाही. मी सुगंधाच्या हाताला हात लावला आणि हळूच म्हणाले, "ऊठ ना गं."

"कित्याक उठू?" ती पुटपुटली नाही, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "त्या दिवशी आमका पावणे केल्यान, ता पुरे झाला. मी पावणी नाय." आणि तिने माझा हात हातात घट्ट धरून ठेवला.

ह्यांनी चष्मा काढला. पुसला, पुन्हा घातला, आणि भरल्या बाकांवरून नजर फिरवली.

"आज पाहुणे कुणी नाहीत," हे म्हणाले, आणि उपदेशाला सुरुवात केली. तो फार लांबला. माझा एक हात सुगंधाच्या हातात होता, त्यामुळे बांगड्या वाजवता आल्या नाहीत.