ट्वायलाचा चढ

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात शाळेची बस चालवणाऱ्या ट्वायला लिंडग्रेनने पन्नाशी उलटल्यावर धावायला घेतलं, तेव्हा तिचा धाकटा भाऊ आर्विड पोट धरून हसला. तो जुना धावपटू. हसून झाल्यावर त्यानेच आपलं छातीचे ठोके मोजणारं घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं आणि तिच्या फोनमध्ये धावण्याची नोंद ठेवणारं अ‍ॅप टाकून दिलं.

हिवाळाभर ती बुटांना खिळ्यांचे पट्टे लावून, बर्फातून, तळ्याकाठचा चढ चढत राहिली. मे उजाडला तरी वर पोचताना तीच धाप, तीच पोटरीतली कळ. एका सकाळी ती आर्विडच्या स्वयंपाकघरात येऊन धपकन बसली.

"घे बाबा तुझं घड्याळ. पहिल्या दिवशी मेले होते, आजही मेलेच."

आर्विडने कॉफी ओतली आणि तिचाच फोन उघडून पुढे सरकवला. "ताई, रडगाणं बंद कर आणि बघ. ही डिसेंबरातली रेघ, ही आजची."

चढ तोच. छातीचे ठोकेही जवळपास तेवढेच. पण डिसेंबरात ती तीनदा थांबली होती, उरलेला चढ चालत गेली होती. आजची रेघ सरळ वर गेली होती, कुठे खंड नाही.

"तेव्हा अर्ध्या वाटेत मेलीस," आर्विड म्हणाला, "आता टोकाला पोचून मरतेस. तेही पळत!"

ट्वायलाने फोन जवळ ओढला. नवरा गेल्यापासून आपण जागच्या जागी रुतून बसलोय, असंच तिला वाटत आलं होतं. त्या एवढ्याशा यंत्राने मात्र तिचं पाऊल न् पाऊल जपून ठेवलं होतं.

जूनमध्ये ती अर्धमॅरेथॉनला उतरली. सुरुवातीलाच घोळका भरधाव सुटला, तिचेही पाय शिवशिवले. मनगटावर घड्याळ थरथरलं : ठोके फार वाढलेत. तिने मुकाट्याने वेग उतरवला. पोरंटोरं, म्हातारे, सगळे तिला मागे टाकून गेले. शेवटच्या चढाला त्यातलेच कितीतरी जण कमरेवर हात ठेवून चालताना दिसले. ट्वायला त्यांच्या शेजारून धावत वर गेली.

शेवटच्या रेषेपलीकडे आर्विड फोन हातात घेऊन उभा होता.

"नकाशावर तुझा ठिपका बघत होतो," तो डोळे पुसत म्हणाला. "एकदासुद्धा थांबला नाही गं!"

"रडतोस काय, वेड्या," ट्वायला धापा टाकत हसली. "खायला काय आणलंयस ते काढ."