परातीत उतरलेली कावीळ

"उतरली! उतरली रं, उतरली!"

संतराम बुवांनी दोन्ही हात वर केले आणि पत्र्याच्या शेडमधली शे-दीडशे माणसं एकदम पुढं सरकली. पितळी परातीत एका बाईचे हात बुडवलेले होते. घटकाभरापूर्वी तळ दिसेल इतकं स्वच्छ असलेलं पाणी आता लालभडक झालं होतं. बायकांनी तोंडाला पदर लावले. एका म्हाताऱ्यानं तर परातीलाच हात जोडले.

"हे रगत न्हाई, कावीळ हाय कावीळ!" बुवा गर्जले. "पिवळी कावीळ डागदरला दिसती. ती रगतात शिरून लाल झाली, की त्याच्या बापालाबी दिसत न्हाई! सात दिस पाणी काढायचं. रोज रंग फिका पडंल. सातव्या दिशी पाणी जसंच्या तसं. न्हाई झालं तर बुवाचं नाव बदला!"

नाव बदलायची वेळ कधी आली नव्हती, कारण पाणी खरोखरच फिकं पडायचं. कुरुंद्याजवळच्या या आमच्या गावात मी नऊ वर्षं आशाताईचं काम करते. बुवांच्या बडबडीचं मला हसू यायचं, पण त्या पाण्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. बुवांची परात फक्त हळदीच्या हंगामात निघायची आणि बाकीचे महिने ते मौन पाळायचे, हे कुणाला खटकलं नव्हतं. मलासुद्धा नाही.

त्या दिवशी परातीत हात घातलेली बाई आमच्याच आळीतली, प्रतिक्षा. पहिलटकरीण, नववा महिना लागलेला. तीन आठवड्यांपासून तिचे तळहात आणि तळपाय खाजत होते. पुरळ नाही, गांधी नाही, नुसती खाज. दगडावर तळवे घासून घासून तिनं रक्त काढलं होतं. लघवी गडद, अन्नावरची वासना उडालेली, आणि आता डोळे पिवळे. सासू चतुराबाई आधी म्हणायच्या, "हळदीच्या दिसात कोण पिवळं न्हाई?" तसं ते खरंच. मार्चमध्ये आमच्याकडं हळद शिजते, वाळते, पॉलिश होते. गावातली कुत्रीसुद्धा पिवळी होऊन फिरतात. पण डोळे पाहिल्यावर चतुराबाईंचं धाबं दणाणलं आणि त्या सुनेला घेऊन थेट बुवांकडं आल्या. बाई वाईट नव्हे हो, घाबरलेली होती.

मग बुवांनी पथ्य सांगितलं. सात दिवस अंधाऱ्या खोलीत राहायचं. हळदीला शिवायचं नाही. गावाची वेस ओलांडायची नाही. अंगाला सुई लागली, तर कावीळ उलटून लेकरावर जाईल. फोनच्या उजेडानं ती डोळ्यात चढते, म्हणून फोनही काढून घेतला. आजार राहिला बाजूला, पोरीला चांगली कैद झाली.

मी चतुराबाईंच्या हातापाया पडले. "मावशी, नुसतं रक्त तपासून आणू. वसमतला जाऊन संध्याकाळच्या आत माघारी येऊ."

"अर्ध्यात मोडलं अन् लेकराला काही झालं, तर तू भरून देशील का गं पुनम?"

प्रतिक्षाचा नवरा सोमेश्वर गाडी घेऊन वसमतच्या मोंढ्यात हळद विकायला गेला होता. त्याला फोन लावला तर म्हणाला, "ताई, आई म्हणती तसं करा. मी हितं नंबर लावून बसलोय." म्हणजे तिकडूनही दार बंद.

आणि पाणी फिकं पडू लागलं! दुसऱ्या दिवशी विटकरी, तिसऱ्या दिवशी गुलाबी. आळीतल्या बायका रोज परात बघायला यायच्या आणि समाधानानं माना हलवत जायच्या. मी खिडकीच्या गजातून प्रतिक्षाशी बोलायचे.

"ताई, पाणी फिकं पडून राहिलं म्हणतात. मग मला काहून बरं वाटत न्हाई? खाज तर वाढून राहिली."

"सासूबाईंना सांगितलंस?"

"सांगितलं की. तर म्हणतात, तुझा इस्वास कमी हाय."

मला असा संताप आला! परात बोलते ते खरं, आणि जिचं अंग आहे तिचं खोटं. पण संतापून करणार काय? मी तालुक्याहून डॉक्टर आणते म्हटलं, तर आळीतल्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

पाचव्या दिवशी सकाळी खिडकीशी गेले, तर ती गज धरून उभीच होती. ओठ सुकलेले.

"ताई, कालपासून लेकरू नीट हाललं न्हाई. एरवी रोज लाथा मारायचं. मला हितून काढा."

मी पळतच पुढच्या दाराला आले. ओट्यावर बुवा परात आणि आपली पाण्याची घागर मांडून बसले होते, भोवती गर्दी. पोरीला बाहेर आणलं, हात बुडवले, पाण्यावर जेमतेम गुलाबी झाक आली. "दोनच दिस!" बुवा म्हणाले. पोरीला पुन्हा आत नेलं.

"बुवा, तिचं लेकरू हालत नाहीये," मी ओरडले.

"हालंल कसं? कावीळ सोडून राहिली, लेकरू निवांत निजलं. शांत गर्भ हे चांगलं लक्षण हाय!"

चतुराबाई मटकन ओट्यावर बसल्या. त्या थेट हळदीच्या खळ्यावरून आल्या होत्या. काही सुचेनासं झालं की त्यांचा हात तंबाखूकडं जातो. त्यांनी तळहातावर चिमूट घेतली, डबीतला चुना लावला आणि मळायला सुरुवात केली. मळता मळता त्यांचा तळवा लाल झाला.

मी त्यांचा हात धरला. "मावशी, हे काय?"

"काय म्हणजे? रोजचंच हाय. हळदीच्या हाताला चुना लागला, की लाल व्हतंयच..."

बोलता बोलता त्या थांबल्या. स्वतःच्या तळव्याकडं बघितलं. मग परातीकडं. तंबाखू तिथंच झटकून त्या उठल्या, परात रिकामी करून बुवांच्या घागरीतलं ताजं पाणी तीत ओतलं आणि दोन्ही हात आत घातले.

पाणी लालभडक!

"म्हाराज, मला बी कावीळ झाली का?"

"सासूलाबी लागण..." बुवा चाचरले.

तेवढ्यात पॉलिशची मशीन चालवणारे हाशिमभाई गर्दीतून पुढं आले आणि त्यांनी कोपरापर्यंत पिवळे हात परातीत घातले. पाणी आणखी लाल. "बुवा, मी सकाळी चार भाकरी खाल्ल्या. माझी कावीळ बरीच भुकेली दिसती!"

कुणीतरी हसलं. मी घागर कलंडवली. तळाशी पांढरा साका होता. चुना पाण्यात कालवून खाली बसू दिला, की वरची निवळी साध्या पाण्यासारखी दिसते. कुंकू बनवतात ते हळद-चुन्याचंच, साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो, हे इथल्या प्रत्येक बाईनं पाहिलेलं. हंगामातही एखाद्याच्या हाताला हळद नसली, तर त्याला बुवा आधी भंडारा, म्हणजे पुन्हा हळदच, चोळायला लावत. आणि फिकं पडायचं गुपित? पथ्यातच होतं. हळदीला शिवायचं नाही! पाच दिवस हात धुऊन धुऊन हळद गेली, म्हणून रंग गेला. कावीळ जिथं होती तिथंच राहिली.

चतुराबाईंनी खोलीचं दार उघडलं आणि सुनेला उन्हात आणलं. तिचे डोळे पाच दिवसांपूर्वीपेक्षा जास्त पिवळे होते. "हाताला लागंल हळद," त्या पुटपुटल्या, "डोळ्याच्या आत कशी लागंल गं माय..." आणि रडायलाच लागल्या.

"श्रद्धा मोडली, आता माझी जिम्मेदारी न्हाई," म्हणत बुवा परात उचलू लागले. परात कुणी उचलू दिली नाही. हाशिमभाईंनी पिकअपमधली पोती भराभर खाली टाकली आणि आम्ही वसमतला निघालो.

दवाखान्यात बाळाचे ठोके मंदावलेले निघाले. लगेच सिझर केलं. मुलगी झाली, सव्वादोन किलोची. आधी रडली नाही. बाहेर आम्ही दोघी भिंतीला धरून उभ्या होतो, मावशींनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. मग आतून बारीकसा आवाज आला.

डॉक्टर बाईंनी नंतर समजावलं. काही बायकांना गरोदरपणी यकृताचा त्रास होतो, पित्त नीट वाहत नाही आणि त्यातले क्षार रक्तात साठतात. त्यानं खाज सुटते, बाळंतपणात रक्तस्राव वाढू शकतो. पण खरा धोका बाळाला. पोटात हसतं-खेळतं बाळ अचानक दगावू शकतं. साध्या रक्ततपासणीत हे कळतं. औषधं आहेत, बाळावर लक्ष ठेवता येतं, गरज पडली तर वेळेआधी बाळंतपण करता येतं. झाल्यावर आईची खाज बहुधा काही दिवसांत जाते. प्रतिक्षाची गेली. लेक आठवडाभर काचेच्या पेटीत राहिली आणि घरी आली.

एक गोष्ट मी मुद्दाम मागं ठेवली होती. खाज सुटली तेव्हा प्रतिक्षानं आपले हात सगळ्यात आधी मला दाखवले होते. हळदीत बसलेली पोर, पिवळे तळवे. मी घाईत होते. म्हणाले, "हळद बाधली असंल, खोबरेल लाव." बुवांनी तिचे पाच दिवस खाल्ले. मी तीन आठवडे खाल्ले होते, आणि तेही चुन्याशिवाय.

म्हणून आता घरोघरी सांगत फिरते, तुम्हालाही सांगते. पोटुशी बाई तळहात-तळपाय खाजतात म्हणाली आणि अंगावर पुरळ नसेल, किंवा लघवी गडद असेल, किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर त्याच दिवशी तिचं रक्त तपासा. बाळाचं हालणं कमी झालं, तर तासभरही थांबू नका. परातीला काही विचारू नका. तिला काय होतंय ते तिलाच विचारा, आणि ती सांगेल ते खरं माना.