व्याह्याच्या नावाने

धनलालचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. लगनसराई तोंडावर आलेली, पोवारी लग्नगीतांची कॅसेट जवळपास तयार, आणि एक गाणं काही केल्या होईना. तेही कोणतं, तर व्याह्याला शिव्या देण्याचं. त्याच्याशिवाय लग्नाची कॅसेट म्हणजे मिठाशिवाय वरण.

कुडवा गावात गुड्डूने घरच्याच एका खोलीला गाद्या ठोकून स्टुडिओ केला होता. शेजारी राईस मिल. ती दुपारी जेवणापुरती थांबायची, तेवढ्यातच काय ते रेकॉर्डिंग. त्यात ढोलकीवाला तिलक. वरातीत वाजवायची सवय, हात हळू पडेल तर शपथ.

हे गाणं अख्खं येत होतं एकट्या सुखवंताबाईला, आणि ती निघाली धनलालची विहीण. मागच्या साली मुलाच्या लग्नात मुलीकडच्या बाया शिव्या गायला उभ्या राहिल्या, तेव्हा चारचौघांत आपली शोभा नको म्हणून धनलालने स्वतःच्याच ऑर्केस्ट्राच्या भोंग्यांचा आवाज वाढवायला लावला होता. बाया तोंड मिटून खाली बसल्या. तेव्हापासून सुखवंताबाईने त्याच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. मधल्यामध्ये सून ओमेश्वरी पिचत होती. तिला माहेर असून नसल्यासारखं. शेवटी धनलाल मान खाली घालून विहिणीच्या गावी, मुर्रीला गेला. बाई आली, पण पोरीच्या शब्दाखातर. त्याने घरून आणलेला पाण्याचा कॅन पुढे केला, तर उठून नळावर गेली.

मिल थांबली. गुड्डूने बोट वर केलं. बाईने एक ओळ म्हटली आणि थांबली.

"कोनाच्या नावानं म्हनू?"

व्याह्याला नुसतं समधी म्हणा, धनलालने सुचवलं. तसं म्हटलं, तर गाणं शिळ्या भातासारखं कोरडं निघालं.

"नाव नाही तं शिवी लागन कोनाले?" ती म्हणाली.

तिलक म्हणाला, छोटेलाल घ्या. गुड्डू दचकला, ते त्याच्या सासऱ्याचं नाव. बकाराम? तो तर बाजारात कॅसेट विकणारा. उदाराम म्हणावं तर तिलकचा मोठा भाऊ. जिल्ह्यात बिनमालकाचं एक नाव सापडेना, आणि मिलवाल्यांचं जेवण संपत आलं. धनलालने पेटीवर हात आपटला.

"मंग माजाच घ्या. पन होऊन जाऊ द्या एकदाचा."

सुखवंताबाईने पदर खोचला. आणि मग जे सुटलं, ते सुटलं.

"धनलाल समधी आला मांडवात, पेटीत नाही तेवढी हवा पोटात..."

मिशीचा कलप निघाला, वरातीतलं नाचणं निघालं. मग आवाज चढला. "बायांचा गाना आयकेना याले, कानात भोंगे कोनं बसवले!"

हे आत्ता सुचलेलं नव्हतं. वर्षभर ही बाई या ओळी गिळून बसली होती. धनलालचे कान लाल झाले. बरं, पेटी तोच वाजवत होता. थांबावं तर गाणं बुडतं. स्वतःच्याच शिव्यांना तो सूर धरत राहिला. तिलक मध्येच खदखदून हसला. शेवटची ओळ संपली आणि मिल धडधडू लागली.

हसू रेकॉर्ड झालंय, उद्या परत घ्यावं लागेल, असं गुड्डू कुरकुरला.

"राहू दे ना बे," धनलाल म्हणाला. "मांडवात लोकं हासत नाही का?"

सुखवंताबाईने पदराने तोंड पुसलं. 

"आता झाला माज्या पोरीचा लगन," ती म्हणाली. मग कॅनकडे बोट केलं. "समधी, पानी द्या."

गुड्डू उठत होता. धनलालने त्याला खाली बसवलं आणि पेला स्वतः विसळला.