नवव्या बेटाची पाहुणी

तुवालू या देशाच्या नावाचा अर्थच मुळी 'आठ जण मिळून उभे' असा आहे, आणि बेटं आहेत नऊ. या एका गोष्टीवरून सुलुफाइगाने वीस वर्षांत जेवढी भांडणं केली, तेवढी तिने नवऱ्याशीही केली नव्हती. आणि नवऱ्याशी ती काही कमी भांडत नसे.

नववं बेट निउलाकिता. सगळ्यांत दक्षिणेचं, सगळ्यांत धाकटं. वस्ती जेमतेम चाळीस. तिथे राहायला माणसं जातात ती निउताओ नावाच्या मोठ्या बेटावरून, म्हणून मोजायची वेळ आली की निउलाकिता निउताओच्या पदरात टाकून लोक मोकळे होतात. सुलुचा जन्म निउलाकिताचा, लग्न तिथलं, दोन्ही मुलींची बाळंतपणंही तिथली. चाळिशी उलटल्यावर ती राजधानीत, फुनाफुतीला आली, तेव्हापासून "तुम्ही निउताओच्या ना?" असं कोणी सहज विचारलं तरी तिच्या कपाळावर आठी पडे. फुनाफुतीत निउलाकिताची म्हणवणारी पाच घरं होती. त्यांतल्या चार घरांना या गोष्टीचं फारसं सुखदुःख नव्हतं. पाचवं घर सुलुचं.

त्या वर्षी शेजारी देशांची मोठी बैठक तुवालूत भरायची होती. महासागरातले अठरा देश त्या गटाचे सभासद, आणि दर वर्षी एकाच्या घरी सगळे जमतात. आता पाळी तुवालूची. स्वागत समितीचा प्रमुख होता केलेमेने. निउताओचा माणूस, आवाज शंखासारखा, त्यामुळे कुठल्याही समारंभात नावं पुकारायचं काम परंपरेने त्याचंच. सभेच्या मोठ्या घरात, म्हणजे मानेआपात, सगळ्या बेटांचे लोक जमले तेव्हा त्याने हातातला कागद झटकून वाटणी जाहीर केली.

"पाहुणे देश सोळा, आपली बेटं आठ. एकेका बेटाने दोन-दोन देश सांभाळायचे. उतरवून घ्यायचं, राहायची सोय बघायची, जेवू घालायचं, नाचून दाखवायचं. हिशेब कसा बरोब्बर बसलाय बघा!"

हिशेब इतका नीट बसला होता की तो पुन्हा मोजायच्या भानगडीत कोणी पडलंच नाही.

मागच्या रांगेतून सुलुचा हात वर आला. तो वर यायच्या आधीच पुढच्या दोन रांगा हसायला लागल्या होत्या.

"आणि निउलाकिताला कोण?" तिने विचारलं.

"सुलुताई, तुम्ही आमच्यातच की," केलेमेने लाडीगोडीने म्हणाला. "निउताओला दोन पाहुणे आलेत. त्यांतल्या एकाच्या चटया तुम्ही विणा."

"चटया विणीन रे. पण पाहुण्याला गळ्यात हार घालून नेताना कुठल्या बेटाचं नाव पुकारशील?"

"निउताओचं."

"मग चटया पण निउताओच्या बायकांकडून विणून घे."

लोक खो खो हसले. सुलुही हसली, कारण हसली नसती तर तिचं तोंड रडवेलं दिसलं असतं. मानेआपात प्रत्येक बेटाची बसायची जागा ठरलेली असते. नाव पुकारलं की त्या बेटाची माणसं आरोळी देतात आणि मग बाकीचे टाळ्या वाजवतात. एवढीशीच गोष्ट. पण एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात तिच्या बेटाचं नाव त्या छपराखाली एकदाही पुकारलं गेलं नव्हतं. मरायच्या आधी एकदा ते कानांवर पडावं, एवढंच तिचं मागणं होतं.

घरी तिचा नवरा सामासोनी ओट्यावर बसून गुडघ्यांना खोबरेल चोळत होता.

"झालं का भांडून?" त्याने विचारलं.

"झालं."

"जिंकलीस?"

"तुम्ही गुडघे चोळा."

"अगं, नाव पुकारल्याने काय मासे जास्त मिळणार आहेत?"

"का नाही मिळणार? ही अठरा देशांची बैठक कशासाठी असते सांगा बघू. बाहेरची ती घराएवढी जहाजं आपल्या पाण्यात ट्यूना धरायला येतात, त्यांना एकट्या तुवालूने अडवलं असतं तर कोणी विचारलं असतं का? अठरा जण एका आवाजात बोलतात म्हणून ऐकतात ती. आणि त्या बैठकीत अडीच कोटींचा ऑस्ट्रेलिया आणि अकरा हजारांचे आपण, दोघांनाही खुर्ची एकेकच. लहान आहात म्हणून मागे बसा, असं कोणी म्हणत नाही. आपला मंत्री रेडिओवर हेच छाती फुगवून सांगतो की नाही?"

"सांगतो बुवा."

"मग बाहेर एक न्याय आणि घरात एक?"

सामासोनीने खोबरेलाची वाटी जवळ ओढली. तो दुसऱ्या गुडघ्याकडे वळला.

रागाने का होईना, सुलुने चटया विणल्याच. हात रिकामे ठेवणं तिला जमत नसे.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी भोंगा वाजला. विमान यायचं म्हटलं की आधी भोंगा वाजतो आणि धावपट्टीवर व्हॉलीबॉल खेळणारी पोरं, मोटारसायकली, कुत्री, सगळे बाजूला होतात. त्या दिवशी अख्खं गावच कडेला उभं होतं. आठ बेटांचे आठ घोळके, प्रत्येकाचे हार वेगळे, प्रत्येकाचं गाणं वेगळं, आणि सगळे एकाच वेळी गात असल्यामुळे कुणाचंच धड ऐकू येत नव्हतं. सुलु निउताओच्या घोळक्याच्या अगदी टोकाला उभी होती. डोक्यावर तिने स्वतःच्या हाताने गुंफलेला फुलांचा मुकुट होता.

दोन विमानं आली. केलेमेनेने देशाचं नाव पुकारावं, त्या देशाचे लोक पुढे यावेत, ज्यांचे पाहुणे त्यांनी त्यांना हारांत बुडवून घेऊन जावं, असं छान चाललं होतं. सोळा नावं झाली. केलेमेनेने कागदाची घडी घातली आणि घाम पुसला.

तर विमानाच्या शिडीपाशी अजून तिघं उभी. एक साठीची ठसठशीत बाई, फुलाफुलांचा झगा, डोक्यावर रुंद टोपी, हातात पेटी. तिच्यामागे दोन तरुण अधिकारी. बाई इकडेतिकडे बघून हसत होती. लग्नघरी न बोलावता आल्यासारखं वाटलं की माणूस हसतो तसं.

"हे कोण?" केलेमेनेने आपल्या मदतनिसाला कुजबुजत विचारलं.

"कुक बेटांच्या मंत्रीणबाई. तेपाएरू नाव त्यांचं."

"कुक बेटं? पण ती तर मी न्यूझीलंडमध्ये धरली होती!"

"का?"

"अरे, पासपोर्ट न्यूझीलंडचा, पैसे न्यूझीलंडचे, मला वाटलं…" तुवालूसारखाच एक वेगळा सभासद देश, आणि त्याला यजमानच नाही. पाहुणीला दारात उभं ठेवलं, ही गोष्ट पुढच्या तीन पिढ्या त्याच्या नातवंडांना ऐकवतील, हे त्याला तिथल्या तिथे कळलं.

जवळच उभ्या सुलुने हा शब्द न शब्द ऐकला होता. तिला त्या बाईची अशी कणव आली की पुढे काय करायचं याचा तिने विचारच केला नाही. ती घोळक्यातून निघाली, तापलेल्या धावपट्टीवरून अनवाणी चालत गेली आणि स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट काढून तिने तेपाएरूबाईंच्या टोपीवर ठेवला.

"या बाई. उशीर झाला, माफ करा. तुम्ही आमच्याकडे," ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली.

"आमच्याकडे म्हणजे कुणाकडे?" तेपाएरूबाईंनी हसून विचारलं.

"निउताओ म्हणा, निउताओ!" मागून केलेमेने दबक्या आवाजात विनवत होता.

"निउलाकिताकडे," सुलु म्हणाली.

मग मात्र तिची पाचावर धारण बसली. पाच घरं, पाहुणी मंत्री, आणि दुपारी मानेआपात स्वागताचं जेवण. ती धावतच गल्लीत शिरली आणि सुटलीच. "अहो, उठा! गुडघे नंतर! मासे कुणाकडे आहेत? तुमच्या भावाला सांगा, पुलाकाचे कंद किसायला घ्या, नारळ खोवा!" चार घरं, जी वीस वर्षं गप्प बसली होती, ती कधी नव्हे ती एकदम जागी झाली. कोणी आपली चांगली चादर आणली, कोणी पंखा. सुलुच्या थोरल्या मुलीने त्या किसाचं नारळाच्या दुधातलं फेकेई शिजवलं. तेपाएरूबाई चुलीपाशी पाय पसरून बसल्या, त्यांनी खोवणी ओढून घेतली आणि दोन नारळ खोवूनही टाकले.

"तुम्हाला खरंच न्यूझीलंडमध्ये धरलं होतं," सुलुने त्यांना सांगून टाकलं. मनात ठेवणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

बाई हसल्या. "आम्हाला सवय आहे हो. जगात कुठेही गेलं की आधी सांगावं लागतं, आम्ही आहोत म्हणून."

"मलाही," सुलु म्हणाली.

दुपारी मानेआपात खरा पेच आला. आठ बेटांच्या आठ जागा, आपापल्या पाहुण्यांसह भरलेल्या. नववी जागा कुठून येणार? केलेमेने घाईघाईने आला. "सुलुताई, ऐका माझं. बाईंना निउताओच्या चटईवर बसवू. तुम्ही त्यांच्या मागेच बसा. कुणाला काही कळणार नाही."

"मला कळेल ना," सुलु म्हणाली.

तेपाएरूबाईंना तुवालूची भाषा कळत नव्हती, पण भांडण कुठल्याही भाषेतलं कळतं. त्यांनी दोन चटयांच्या मधल्या, दाराजवळच्या मोकळ्या जमिनीकडे बोट दाखवलं, तिथे गेल्या आणि झगा सावरून खुशाल मांडी घालून बसल्या. सुलु त्यांच्या शेजारी बसली. पाच घरांची सोळा माणसं त्यांच्यामागे दाटीवाटीने बसली. त्यांच्या बुडाखाली चटई नव्हती.

केलेमेने मधोमध उभा राहिला आणि बेटांची नावं पुकारू लागला. प्रत्येक नावाला आरोळी उठली, टाळ्या पडल्या. आठवं नाव झालं. आता जेवायला सुरुवात व्हायची. पण पुकारल्याशिवाय पाहुण्याने घास घ्यायचा नाही, ही रीत सगळ्या महासागराला ठाऊक. तेपाएरूबाईंनी हात मांडीवर ठेवले. ते पाहून शेजारच्या सामोआच्या प्रमुखाने उचललेला मासा परत पानावर ठेवला. मग फिजीच्या माणसाने. बघता बघता साऱ्या मानेआपातले पाहुणे हात आवरून केलेमेनेकडे बघत बसले. डुकराच्या मांसावर माश्या घोंघावू लागल्या.

केलेमेनेने एकदा आपल्या निउताओच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. सगळ्यांत थोरले आजोबा खांबाला टेकून बसले होते. ते करवादले, "अरे पुकार की मेल्या, भूक लागलीय!"

केलेमेनेने श्वास घेतला.

"निउलाकिता!" त्याचा तो शंखासारखा आवाज छपराला जाऊन भिडला. "आणि त्यांचे पाहुणे, कुक बेटं!"

सुलुला आरोळी द्यायची होती. वीस वर्षं ती त्यासाठी घसा राखून होती. पण तिच्या तोंडून आवाजच फुटला नाही. ती नुसती रडायला लागली, तेही हुंदके देऊन. शेवटी आरोळी दिली ती सामासोनीने, गुडघे विसरून उभं राहून. आणि मग टाळ्या पडल्या, आठही बाजूंनी. निउलाकिताचं फातेले नाचायला सात जण उठले, त्यांतल्या तिघांना पावलं येत नव्हती, आणि लाकडी पेटीवरचा ठेका वाढत गेला तशी उरलेल्यांचीही चुकली. तेपाएरूबाई मध्येच उठून आपल्या देशाचा कमरेचा नाच नाचू लागल्या, तेव्हा म्हातारे आजोबा जेवायचंच विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केलेमेनेची मोटारसायकल सुलुच्या दारात थांबली. हातात नवा कागद होता आणि चेहरा जरा अवघडलेला.

"निरोपाच्या जेवणाची वाटणी," तो म्हणाला. "प्रत्येक बेटाने दोन डुकरं, पन्नास नारळ, आणि धावपट्टीचा आपला तुकडा झाडायचा."

सामासोनी हसत सुटला. "घे! मोजलं एकदाचं! अगं, आपलं एकुलतं एक डुक्कर आहे."

"वाच," सुलु केलेमेनेला म्हणाली. "आमच्यापुढे काय लिहिलंय ते वाच."

"निउलाकिता, दोन डुकरं."

"पुन्हा."

"निउलाकिता, दोन डुकरं." केलेमेनेने कागद खाली केला. "सुलुताई, खरं सांगू, तुमची पाचच घरं. मी समितीत बोललोय. तुम्ही एकच डुक्कर दिलंत तरी कोणी काही म्हणणार नाही."

सुलु ताडकन उठून उभी राहिली.

"एक?" ती म्हणाली. "सगळ्यांची दोन आणि आमचं एक? आम्ही काय निम्मं बेट आहोत?" आणि नवऱ्याकडे वळून, "अहो, हसताय काय! तुमच्या भावाकडे जा, त्याचं ते काळं डुक्कर सोडून आणा. धावपट्टीही मीच झाडते."

झाडू घेऊन ती निघालीसुद्धा.