काळी तीन

भाऊसोनं तिसऱ्या गिटारीचीही खुंटी मागं फिरवली, तेव्हा दुकानदार दत्तप्रसाद खुर्चीतून उठला.

"पावणं, लावूनच ठेवलीय की ती. मशीनवर लावलीय."

"चांगली लागलीया," भाऊसो म्हणाला आणि दुसरी खुंटीही मागं फिरवली.

सैल झालेली तार त्यानं छेडली. ती लाकडाला लागून फडफडली. भाऊसोनं मान हलवली आणि निजलेलं मूल ठेवावं तशी गिटार काउंटरवर आडवी ठेवली.

"ही बी न्हाय."

शेजारच्या स्टुलावर त्याची मुलगी क्रांती बसली होती. ती जयसिंगपूरला शाळेत शिकवायची, रविवार म्हणून आदल्या दिवशीच घरी आली होती. वडिलांना एकट्याला बाजारात सोडायचं नाही, म्हणून ती बरोबर आली. खरं तर तिला ही खरेदीच नको होती.

"काका, असं करू," दत्तप्रसाद म्हणाला. "तुमची वाजवायची पद्धत सांगा. त्याच्यावर गिटार ठरत असती. सिनेमाची गाणी वाजवता, का ऑर्केस्ट्रा? नुसती साथ, का मधी मधी एकट्यानं बी मारायचं?"

भाऊसोनं जरा विचार केला.

"मी मागं वाजवतो. ती म्हणत असली की गप ऱ्हायचं. तिनं श्वास घेतला की तेवढ्यात वाजवायचं."

"ती कोण?"

भाऊसो पुढच्या गिटारीची खुंटी चाचपू लागला. क्रांतीनं पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

सव्वीस वर्षं क्रांतीचे आई-वडील गायन पार्टीत होते. पुढं माईकवर तिची आई, मीनाबाई. मागं गिटार घेऊन भाऊसो. कागलच्या फौंड्रीतली पाळी संपवून तो तसाच ट्रकमध्ये चढायचा आणि एप्रिलात, जयंतीच्या महिन्यात रोज नवं गाव व्हायचं. गिटार त्याला कुणी शिकवली नव्हती. बोटं ठेवायची एकच रीत त्याला ठाऊक होती. म्हणून तो सगळ्या ताराच मीनाबाईच्या आवाजाला लावून टाकायचा. मीनाबाई पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवरून गायची. घरातलं लहान पोरही सांगायचं, आईची पट्टी काळी पाच.

पुराच्या वर्षी घरात पाणी शिरलं आणि गिटारीचं लाकूड फुगून फुटलं. त्याच वर्षी मीनाबाईच्या गळ्यातली गाठ काढली. पुढच्या जयंतीला ती स्टेजवर उभी राहिली, पण दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. तिनं माईक खाली ठेवला, पायऱ्या उतरली आणि बायकांत जाऊन बसली. त्याला पाच वर्षं झाली. पेटी तिनं थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं धाडून दिली. त्यानंतर घरात गाणं झालं नाही.

येताना रिक्षात क्रांती म्हणाली होती, "आईसमोर गिटार नेऊन ठेवणार तुम्ही. तिला काय वाटंल, आबा?"

"बघू की," एवढंच भाऊसो म्हणाला होता.

दत्तप्रसादनं आता वरच्या खिळ्यावरची एक काळी गिटार काढली. तिला दोन बाजूंना दोन टोकदार शिंगं होती.

"ऱ्हायली म्हणून दाखवतो. कॉलेजची पोरं असली घेत्यात. तारा लई खाली उतरवायच्या आणि केस सोडून, मान हालवत दणका करायचा. हिची मान लांब, तारा जाड. कितीबी उतरवा, फडफडत न्हाय. पण तुमच्या वयाला…"

"आबा, शिंगं बघा," क्रांती म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदा हसली.

दत्तप्रसादनं तिची वायर स्पीकरला जोडली आणि भाऊसोनं ती मांडीवर घेतली. एक एक खुंटी मागं फिरवली. प्रत्येक तारेला कान लावला, दोन मिनिटांत साही तारा जुळवल्या आणि सगळ्यांवरून एकदा अंगठा फिरवला. आवाज गोल निघाला, जड निघाला, आणि दुकानात थोडा वेळ राहिला.

क्रांतीचं कपाळ आकसलं.

"आबा, चुकताय तुम्ही. हे तर काळी तीन झालं, लई खाली."

"व्हय."

"कान बरं हायत न्हवं तुमचं? आईची पट्टी काळी पाच हाय."

"हुती," भाऊसो म्हणाला.

त्यानं वर बघितलं नाही. क्रांतीचा हात चेनवर थांबला.

सकाळी ती एका हलक्या, खालच्या आवाजानं जागी झाली होती. कुणाच्या तरी घरची मोटार चालू असावी, असं तिला वाटलं. मागच्या दारी गेली तर आई भांडी घासत होती, तोंड मिटलेलं, आणि आवाज तिच्याच गळ्यातून येत होता. दाराच्या आतल्या बाजूला आबा पेपर उघडून बसले होते. त्यांचा चष्मा मात्र पुढच्या खोलीत, कपाटावर होता.

"हीच द्या," क्रांती दुकानदाराला म्हणाली. "आणि एक लहान स्पीकर."

घरी मीनाबाई पुढच्या सोप्यात फरशीवर लसूण सोलत बसली होती.

"अगं बया!" तिचा आवाज घोगरा होता. "बैल आणलासा का काय? शिंगं कवा रंगवायची?"

"बेंदराच्या सणाला," भाऊसो म्हणाला.

मीनाबाई हसली. मग गिटारीकडं बघता बघता तिचं हसू गेलं. तिनं लसणाचं ताट जवळ ओढलं.

"आता कुणाच्या मागं वाजवणार?"

"माझं मलाच. दिवसभर बसून करू काय?"

तो सोप्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. क्रांतीनं स्पीकरची वायर लावून दिली. सुरू करण्याआधी भाऊसोनं एका तारेच्या खुंटीला हात घातला आणि ती केसभर मागं फिरवली. दुकानातून निघताना ती तार अगदी बरोबर लागलेली होती. क्रांतीनं त्याच्याकडं बघितलं आणि स्पीकरचा आवाज थोडा वाढवला.

पार्टीचा कार्यक्रम ज्या गाण्यानं उघडायचा, त्याची सुरुवात भाऊसोनं वाजवली. मीनाबाई जिथं शब्द उचलायची, तिथं तो थांबला. पंख्याच्या वाऱ्यानं लसणाची सालं फरशीवर सरकली. त्यानं पुन्हा तेच वाजवलं आणि पुन्हा तिथंच थांबला.

मीनाबाईच्या कपाळाला आठी पडली. तिसऱ्या खेपेला तिनं सुरी ताटात टाकली.

"एक तार उतरलीया."

"असंल. किती उतरलीया?"

"किती काय अवो? ऐकू येत न्हाय व्हय तुम्हाला?"

"न्हाय. दाव की."

मीनाबाईनं लसणाचे हात पदराला पुसले. घसा खाकरला, क्रांतीकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं, आणि सूर दिला. खालचा, कडेला खरबरीत, पण सरळ.

भाऊसोनं खुंटीला हात लावला.

"धरून ठेव जरा," तो म्हणाला.

मीनाबाईनं डोळे मिटले आणि सूर धरून ठेवला. भाऊसो ती एकच खुंटी फार सावकाश फिरवू लागला.