आठ नंबरचं पाणी

"थोडी वाळू राहू दे रुळांवर," बतूल म्हणाली.

खिदिरचं फावडं थांबलं नाही. "कशाला?"

"गाडी येऊन अडकेल आपोआप. मग पोरीला चढवू."

"अडकेल का उलटेल, हे तू ठरवणार?"

"मग तू ठरव की! जन्मभर वाळूच उपसलीस. किती ठेवली तर गाडी नुसती थांबते, एवढं तरी कळत असेल."

खिदिरने फावडं रोवून कपाळ पुसलं. कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. वाळू कधी इंजिनाच्या रेट्याने मुकाट्याने बाजूला होते, तर कधी तीच वाळू चाक उचलून बाहेर फेकते. टपावर माणसं बसलेली असतात, लेकरंबाळं घेऊन. एकदा सात नंबरच्या स्टेशनजवळ डबे कलंडले तेव्हा फावडी घेऊन धावलेल्यांत तोही होता. त्या दिवशी वाळूखालून काय काय निघालं, ते त्याने बतूलला कधी सांगितलं नव्हतं.

"टपावरच्या लोकांनाही पोरी असतात," तो म्हणाला.

"असतील. त्यांचा बाप तू नाहीस."

आतून नेमातचा, त्यांच्या अडलेल्या लेकीचा, आवाज आला. ओरडायचं बळ कालच संपलं होतं. नुसतं कण्हणं होतं ते. बतूल पदर सावरत आत पळाली.

आठ नंबर हे स्टेशनचं नाव. सुदानातल्या हल्फ्यापासून अबू हमदपर्यंतच्या वाळवंटात स्टेशनांना कोणी नावं दिलीच नाहीत, नुसते आकडे दिले. नावं ठेवणारे मात्र पुष्कळ. एकेकाळी इथं स्टेशनमास्तर होता, टेलिफोन होता, वाळू काढणाऱ्यांची टोळी होती. गाडीच्या शेपटीला पाण्याची टाकी जोडलेली असायची, ती इथला हौद भरून पुढं जायची. मग मास्तर बदलून गेला आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही. टेलिफोनची तांब्याची तार कोणीतरी कापून नेली. हातट्रॉली दुरुस्तीला म्हणून अबू हमदला गेली ती तिकडेच रमली. टोळीतले लोक एकेक करून निघून गेले आणि शेवटी पाण्याची टाकीही यायची बंद झाली. उरला खिदिर, त्याची बायको आणि फावडं. स्टेशन बंद झालं असं त्याला कोणी कळवलं नव्हतं, आणि चालू आहे असंही नाही. गाडीतून अधूनमधून पिठाचं पोतं उतरायचं. त्यावरून तो समजायचा की नोकरी अजून आहे.

पाण्याची मात्र एक रीत होती. रुळाशेजारी उभं राहायचं आणि रिकामा कॅन डोक्यावर धरायचा. ड्रायव्हर कोणी का असेना, गाडीला कितीही उशीर झालेला का असेना, गाडी थांबायची आणि ड्रायव्हर स्वतःच्या पिण्यातलं पाणी ओतून द्यायचा. हे कुठल्या नियमात नव्हतं. लाल निशाण न जुमानता गेलेल्या गाड्या खिदिरने पाहिल्या होत्या. रिकाम्या कॅनला टाळून गेलेली गाडी त्याने पाहिली नव्हती. याच रुळांवर जन्म काढलेल्या त्याच्या बापानेही नव्हती.

निशाणांची तर तऱ्हाच निराळी. लाल आणि हिरवं, दोन्ही उन्हानं विटून एकाच रंगाची झाली होती, चहा गाळायच्या जुन्या फडक्यासारखी. नवी मागून मागून खिदिर थकला. ओशेक ड्रायव्हर त्याचा जुना दोस्त. तो हमखास टिंगल करायचा, "खिदिर, तू मला थांब म्हणतोस का जा म्हणतोस? बायकोलाही असंच निशाण दाखवतोस का रे?"

पहिलं बाळंतपण आईकडे, ही रीत अबू हमदची तीच आणि आठ नंबरचीही तीच. आईचं घर कुठं आहे, तिथं सुईण आहे का, हे रीत विचारत नाही. नेमातचा नवरा समुद्रापलीकडे जेद्दाहला मेंढ्यांच्या बाजारात कामाला. सासूने तिला अबू हमदला गाडीत बसवून दिलं, बरोबर कांदे आणि वाळवलेली भेंडी दिली. त्या फेरीला ड्रायव्हर कोणी दुसराच होता. ती गाडी हल्फ्याला जाऊन अबू हमदला परतणार आणि तिथून पुन्हा येताना सुईणीला घेऊन येणार, असं ठरलं होतं. पण गाडी हल्फ्याहून परतलीच नाही. मध्ये एक उंटवाला इथून गेला, त्याने सांगितलं, इंजिन बसलंय.

"बसलंय म्हणजे काय झालंय?" खिदिरने विचारलं होतं.

"बसलंय म्हणजे बसलंय. मी काय त्याला उठवायला गेलो होतो?"

तेव्हापासून खिदिर जिवाच्या आकांताने रूळ उपसत होता. गाडी आली की नेमातला अबू हमदच्या दवाखान्यात न्यायचं, दुसरा इलाज नव्हता. आणि रूळच मोकळे नसले तर गाडी येणार कशी? सकाळी काढलेली वाळू दुपारपर्यंत परत यायची. तो पुन्हा काढायचा.

दुपार कलायला लागली तेव्हा त्याने वाकून रुळावर तळहात ठेवला. मग कान लावला. मग धावत घरात आला.

"येतेय!"

नेमात बाजेवर कुशीला वळून पडली होती. वरच्या आढ्याला बतूलने दोर बांधला होता, कळ आली की धरायला. तो दोर आता नुसताच लोंबत होता.

"याबा, खरंच येतेय?"

"खरंच. ऐकून आलो."

"मला खिडकीपाशी जागा हवी हं."

"खिडकी कसली, टपावर बसवतो तुला. हवा लागेल."

ती हसली. ओठ फुटलेले होते, तरी हसली. बतूलने तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं, ते निम्म्याहून अधिक सुकलेलंच होतं. हौदात तळाशी गाळ उरला होता फक्त.

"बाज बाहेर काढू," बतूल म्हणाली. "रुळाशेजारी ठेवू. गाडीवाल्यांना दिसेल तरी."

"या उन्हात? भाजून निघेल ती. थांबली की उचलू, चार माणसं उतरतील मदतीला."

"आणि नाही थांबली तर?"

"कॅन घेऊन उभा राहतो ना. निशाणाचं सांगता येत नाही, पण कॅनला कोण नाही म्हणेल?"

बतूलला ते पटलं. कोणालाही पटलं असतं.

तो पिवळा कॅन घेऊन रुळाशेजारी जाऊन उभा राहिला. आधी धूर दिसला, मग इंजिनाचं थोबाड, मग टपावर दाटीवाटीने बसलेली माणसं. खिदिरने कॅन दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. कोपरं ताठ केली. इंजिनाने शिटी दिली. ओळखीची शिटी, ओशेकची. खिदिरच्या तोंडून आपसूक देवाचं नाव निघालं. कोणी नवखा नव्हता, आपला ओशेक होता! आणि गाडीचा वेग उतरायला लागला.

"थांबतेय! बतूल, उचल! थांबतेय!"

इंजिन त्याच्यासमोरून पायी चालल्याच्या गतीने जायला लागलं. ओशेक दारातून अर्धा बाहेर लटकला होता, सगळे दात दाखवत. त्याच्या मागून त्याच्या मदतनिसाने एक भरलेला कॅन वाळूत सोडला. मग दुसरा. मग आणखी. बुचावरून फडकी करकचून बांधलेले जड कॅन धप्प धप्प करत उतारावर आदळले.

"घे रे, म्हाताऱ्या!" ओशेक ओरडला. "या वेळी पोटभर! थांबत नाही, रागावू नकोस. हे धूड एकदा थांबलं की पुन्हा उठत नाही! हल्फ्याहून खास तुझ्यासाठी भरून आणलंय!"

"थांब! ओशेक, पोरगी आहे आत! पोरगी!"

इंजिनाचा आवाज वाढला. खिदिरने हातातला कॅन फेकून दिला आणि तो गाडीबरोबर धावायला लागला, दोन्ही हात हलवत, ओरडत. टपावरच्या माणसांनीही हात हलवले. कोणीतरी त्याच्याकडे एक संत्रं फेकलं. वाळूत पाय रुतून तो गुडघ्यांवर पडला तेव्हा गाडीचा शेवटचा डबा पुढं गेला होता. दूर गेल्यावर ओशेकने पुन्हा शिटी वाजवली, दोस्ताला वाजवतात तशी लांबलचक. पुढं नजर पोचेल तिथपर्यंत रूळ स्वच्छ होते. गाडी कुठं म्हणून अडखळली नाही.

तो परत आला तेव्हा बतूल दारात होती. बाजेची एक बाजू तिने अजून उचलून धरली होती.

"गेली?" तिने विचारलं.

"पाणी दिलं," खिदिर म्हणाला. दुसरं काय सांगावं ते त्याला सुचलं नाही.

वाळूबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. बोलली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

मूल आडवं होतं. बतूलने जे जे करता येतं ते सगळं केलं, पोरीच्या तोंडून निघेनाशा झालेल्या किंकाळ्या स्वतः फोडल्या. ऊन उतरता उतरता आधी मूल पोटातच गेलं, मग नेमात. शेवटच्या घटकेला तिने पाणी मागितलं. पाणी होतं. हवं तेवढं होतं.

जिथं पाणी मिळत नाही तिथं मेलेल्या माणसाला वाळूचा हात फिरवून शुद्ध करतात, धर्माने तेवढी सवलत दिली आहे. आठ नंबरच्या मागे जेवढी माणसं पुरलेली आहेत ती सगळी अशीच गेली, खिदिरचा बापही. नेमातला बतूलने पाण्याने न्हाऊ घातलं. केस मोकळे करून, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, सावकाश. लहानपणी ईदच्या दिवशी डोक्यावरून एक पेलाभर पाणी मिळालं तरी ही पोर अंगणभर नाचायची.

"आणखी दे," बतूल आतून म्हणायची, आणि खिदिर दाराबाहेरून पेला आत सरकवायचा.

खड्डा त्याने त्याच फावड्याने खणला. वाळू पुन्हा पुन्हा आत घसरत होती, तो पुन्हा पुन्हा काढत होता. त्याचा हात त्यात तयार होता.

दुसऱ्या दिवशी तो फावडं घेऊन रुळांकडे निघाला तेव्हा बतूलने त्याला अडवलं.

"अजून काढतोस?"

"टपावर माणसं असतात."

"मग येऊ दे तुझ्या दोस्ताला," ती म्हणाली. "त्याला सांग. तोंडावर सांग, त्याने काय केलं ते. जन्मभर त्याला झोप लागता कामा नये."

"सांगतो," खिदिर म्हणाला. आणि त्याला खरंच सांगायचं होतं. वाळू काढता काढता तो मनात शब्द जुळवत राहिला. कधी ओशेकची गचांडी धरायचा, कधी नुसता कबरीकडे बोट दाखवायचा. कधीकधी त्या दोघांच्या भांडणात तो मध्येच थांबायचा, कारण मनातला ओशेक विचारायचा, कॅन कोणी दाखवला?

गाडी परत आली तेव्हा त्याने हातात नुसतं निशाण घेतलं होतं. आणि गाडी थांबली. शहाण्या जनावरासारखी, अगदी त्याच्यासमोर येऊन थांबली. ओशेक खाली उतरला. उतरून त्याने इंजिनावर थाप मारली.

"बघितलंस? अबू हमदच्या मिस्तरीने नव्या बॅटऱ्या घातल्या. आता म्हणशील तिथं थांबते आणि म्हणशील तेव्हा उठते."

खिदिरने इंजिनाकडे पाहिलंही नाही.

ओशेकचं हसू ओसरलं. त्याने पागोट्याचं टोक काढून मान पुसली. "रागावलायस. रागाव, हक्क आहे तुझा. कॅन बघून न थांबलेला मी पहिलाच. माझ्या बापाने असलं काही केलं नव्हतं. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर दोन दिवस बाई माझ्याशी बोलली नाही. म्हणाली, पाणी फेकलंस म्हणजे काय उपकार केलेस? उतरून कसा आहेस म्हणून विचारायला नको?" तो जमिनीकडे बघत होता. "झोप नाही रे लागत."

खिदिरने वळून बघितलं. बतूल दारात उभी होती. ती ऐकत होती, वाट बघत होती. मग तिने अंगावरचं लुगडं तोंडावर ओढून घेतलं आणि ती आत गेली.

"कसा आहेस?" ओशेकने विचारलं.

"आहे."

"आणि पाणी? पुरलं ना?"

खिदिरने रिकामे कॅन आधीच एका दोरीत ओवून ठेवले होते, आतून विसळून, बुचं लावून. ते त्याने ओशेकच्या हातात दिले.

"पुरलं," तो म्हणाला.

ओशेकने त्याचा खांदा दाबला आणि तो वर चढला. टपावरची माणसं सुटायची वाट बघत होती. खिदिरने निशाण वर केलं. कुठलं, ते त्याने बघितलं नाही.