तिसऱ्या वळणाचं कुंपण

...फीत लाल होती, आणि बरणीच्या गळ्याशी तिचं फूल इतकं नीट बांधलं होतं की ते ड्वाइटच्या हातचं नव्हे, त्याच्या बायकोचं, हे आर्विलाला बघताक्षणी कळलं. म्हणजे तीही हसली असणार बांधताना. आत भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा, टरफलांसकट, काचेला पोट लावून बसलेल्या. आर्विलानं बरणी ओट्याच्या कोपऱ्यात सरकवली आणि सॅलडसाठी उकडलेला बटाटा सोलायला घेतला. बटाटा गरम होता. बोटं भाजली तरी तिनं तो सोडला नाही.

सकाळी ड्वाइट स्टकी दारात उभा होता, मोटार शर्यतींच्या क्लबाचा अध्यक्ष, पोट पुढे, एका हातात टोपी, दुसऱ्यात ही बरणी. "वहिनी, चारला मैदानावर. क्लबाला पन्नास वर्षं झाली, तुमच्याशिवाय कसली मजा? आणि तो शेंगांचा किस्सा मी सांगणार, आधीच बोलून ठेवतो. तुम्ही फक्त उठायचं आणि बरणी दाखवायची. लोक हसून लोळतील बघा."

आणि ती म्हणाली होती, "बरं."

बरं! या एका शब्दाचा तिला आता असा संताप आला की सुरी बटाट्यात अर्ध्यापर्यंत रुतली.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या पोरांनी मक्याच्या शेताकडेला शर्यतीसाठी मातीचा गोल आखला, गोठ्यात बसून मिजेट नावाच्या ठेंगण्या गाड्या जुळवल्या आणि क्लब काढला. इंडियानात तेव्हा गावोगाव असे क्लब होते, आणि सगळ्यांचे नेम सारखे — गाडीला हिरवा रंग नको, पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या आवारात, बाई नको, आणि शेंगांचं टरफल तर मुळीच नको. टरफल दिसलं की कुणीतरी मरणार. पण मला कुणी सांगितलं होतं, आर्विला मनाशी म्हणाली. लग्नाला पाच महिने झालेले, पोटात कॉनी, मी शेतावरची पोर, शर्यत म्हणजे प्रेक्षकांत बसून शेंगा फोडायच्या एवढंच मला ठाऊक. माझा नवरा व्हर्लिन हातमोजे घरी विसरला म्हणून पर्समध्ये, शेंगांच्या टरफलांवरच, कोंबून धावत आणले, पिटच्या फाटकावरून दिले. त्यानं मोजा चढवला आणि बोटांतून टरफल खाली पडलं... सगळ्यांच्या देखत.

मिजेटला स्टार्टर नसतो, मागून ट्रकनं ढकलावी लागते. ट्रकनं त्याला ढकललं, इंजिन खोकलं, पेटलं. तिसऱ्या फेरीत, तिसऱ्या वळणावर, गाडी फळ्यांच्या कुंपणातून आरपार गेली. फळ्या कुजलेल्या होत्या. हात लावला की भुसा व्हायच्या. आदल्या आठवड्याच्या सभेत व्हर्लिननंच ते सांगितलं होतं, आणि ड्वाइटचा बाप, तेव्हाचा अध्यक्ष, म्हणाला होता, हंगाम संपला की बघू. पण त्यांच्या किश्शात कुंपण नसतं. कुंपण आलं की ड्वाइटचा बाप येतो. किश्शात फक्त मी, माझी पर्स आणि शेंगा. अडतीस वर्षं हे लोक तिच्या नवऱ्याचं मरण मिटक्या मारत सांगत आले होते, आणि वर तिला वहिनी म्हणत होते.

आज बोलायचं. बरणी टेबलावर आपटायची आणि म्हणायचं, हसा, पण आधी त्या फळ्यांचं सांगा. तिनं मनात भाषण सुरू केलं — हातमोजे, फाटक, टरफल... आणि तिथंच अडली. नेहमी तिथंच अडायची. कारण पुढं कुणीतरी विचारणारच, मग व्हर्लिन काय म्हणाला?

व्हर्लिन ओरडला होता. तोंड पांढरंफटक, सगळ्या पुरुषांसमोर. "अक्कल आहे का तुला? नीघ इथून. घरी जा." शेवटचं बोलणं. ट्रक मागं लागला तेव्हा त्यानं वळूनही पाहिलं नाही. हे तिनं कॉनीलाही सांगितलं नव्हतं. बापाचा फोटो दाखवताना ती म्हणायची, फार मऊ स्वभावाचा होता.

मऊ... तिनं सुरी खाली ठेवली. कुंपण कुजलंय हे तुला ठाऊक होतं. तूच सांगितलं होतंस सभेत. ते ठाऊक असून तू गाडीत बसलास, आणि घाबरलास कशाला, तर टरफलाला!

"मूर्ख माणूस," ती मोठ्यानं म्हणाली. "अक्कल तुला होती का?"

कॉनी तिला न्यायला आली होती, हातात गाडीची किल्ली, स्वयंपाकघराच्या दारात थबकली. "आई, कुणाशी बोलतेस?"

"तुझ्या बापाशी."

"काय झालं? ड्वाइटकाका काही बोलले का? अगं, ते प्रेमानं करतात, तू मनावर—"

"जरा थांब, कॉनी. मी भांडतेय."

कॉनी किल्ली टेबलावर ठेवून खुर्चीत बसली. चारला उठून काय करायचं, हे आर्विलाला अजूनही ठरवता आलं नव्हतं. इतकी वर्षं ती त्याच्याशी थडग्यापाशी बोलतात तसं हळू, जपून बोलत आली होती, आणि तो कधी काही बोलला नव्हता. आता मात्र तो समोर उभा होता, चोवीस वर्षांचा, चिडलेला, चूक कबूल न करणारा... तिचा नवरा. आणि तिला अजून पुष्कळ बोलायचं होतं.